पावतीवर आपल्या गावाचे नाव कुठे आहे?

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कापड-सूत कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यातले काही गडी म्हणाले, ही सभा मराठी राज्याची, मराठी माणसाच्या हक्काची. तिथे हे विक्रीकराचे गुऱ्हाळ कशाला? कर हा व्यापाऱ्याचा विषय. आपल्याला पगार, महागाई भत्ता, बोनस आणि वेळेवर पाळी मिळाली म्हणजे झालं. मी म्हणतो, तसं नाही. व्यापारी कर गोळा करतो, भरतो तो आपण. आणि आपल्या पैशावर हुकूम कोणाचा चालावा, हाच तर मराठी राज्याच्या लढ्यातला मोठा प्रश्न होता.

शहरांना आपला विक्रीकर लावू द्यावा, वाढवू द्यावा, अशी मागणी अधूनमधून निघते. पाणी नाही, रस्ते नाहीत, दवाखान्यात औषध नाही. तर शहरानेच आपल्या बाजारातल्या विक्रीवर रुपयामागे अर्धा पैसा, पैसा जास्त घ्यावा आणि कामे करावीत, असे सांगतात. ऐकायला सरळ वाटते. कामगाराने हो म्हणावे की नाही, एवढाच आजचा मुद्दा आहे. पण आधी आत्ता काय चालते ते बघा.

तुम्ही गजानन मार्केटमधून दोनशे रुपयांचा टॉवेल घेतलात. तो तुमच्याच भावाने कुठल्या तरी साच्यावर विणलेला असेल. कापडावरचा कर ५ टक्के, म्हणून वर दहा रुपये. पावती नीट वाचा. दुकानदार देत नसेल तर मागून घ्या. त्यावर दोन ओळी असतात: केंद्राचा जीएसटी पाच रुपये, राज्याचा जीएसटी पाच रुपये. तिसरी ओळ नाही. ज्या उल्हासनगरात दुकान आहे, ज्याच्या गटारावर त्या दुकानाची पायरी आहे, ज्याचा झाडूवाला पहाटे दुकानापुढचा कचरा उचलतो, त्या उल्हासनगरचे नाव पावतीवर कुठेच नाही.

पूर्वी असे नव्हते. पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक उभा राही, पावती फाटे, पैसा थेट पालिकेच्या तिजोरीत. जकातीचे मी गोडवे गाणार नाही. नाक्यावरची चिरीमिरी सगळ्यांना माहीत होती, आणि सुताचा ट्रक अडला की इकडे माग थांबे. माग थांबला की तुकड्यावर काम करणाऱ्याची मजुरी बुडे. १९९९ साली नगरपरिषदांची जकात सरकारने बंद केली आणि बदल्यात अनुदान देऊ म्हणाले. महानगरपालिकांची जकात पुढे राहिली. २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ज्याला आपण एलबीटी म्हणत होतो. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, मोर्चे काढले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली, उरलासुरला एलबीटीही गेला. राज्यघटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर कर घेण्याचे कलमच राज्याच्या यादीतून काढून टाकले. विक्रीच्या बाजूने आता पालिकेच्या हातात उरला तो करमणूक कर.

जकात गेली, एलबीटी गेला. तेव्हा वाण्याकडचा भाव किती उतरला, हे घर चालवणाऱ्या बायांनी सांगावे. माझ्या तरी कानावर उतरल्याचे आले नाही. कर येतो तेव्हा तो भावात लगेच चढतो. कर जातो तेव्हा त्याला जिना उतरायला गुडघेदुखी होते!

आता ही नुकसानभरपाईची गोष्ट ऐका, कारण आपली तीन गावे इथेच वेगळी पडतात. २०१७ च्या राज्याच्या कायद्याने महानगरपालिकांना बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मिळते. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरायचे आणि त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढ. खरे बोलायचे तर ८ टक्के ही वाढ काही कमी नाही. नऊ वर्षांत शंभराचे जवळपास दोनशे होतात. आपल्या पगाराला अशी वाढ मिळाली असती तर मी आज वेगळे भाषण केले असते. पण ही भरपाई उल्हासनगरला, कारण ती १९९६ पासून महानगरपालिका आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा. त्यांना जुन्या जकातीपोटीचे सहायक अनुदान. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा ही दोन्ही गावे तिच्यात घातली होती, १९९२ मध्ये बाहेर काढली. बाहेर नसती काढली तर त्यांनाही भरपाईच मिळाली असती. कामगार मात्र तोच, लोकल तीच, तहानही तीच.

आणि पाया धरला तो जुन्या उत्पन्नाचा, माणसांचा नव्हे. २००१ च्या जनगणनेत बदलापुरात ९८ हजारांच्या आसपास लोक होते. २०११ च्या जनगणनेत १,७४,२२६. अंबरनाथ २,५३,४७५ आणि उल्हासनगर ५,०६,०९८. म्हणजे २०११ सालीच ही तीन गावे मिळून सव्वानऊ लाखांच्या वर गेली होती. त्यानंतर बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या, हे सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा शोधणाऱ्याला जनगणनेवाचून समजते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून मराठी कामगार डोंबिवलीला आला, तिथून अंबरनाथला, तिथून बदलापूरला. बारवी धरण बदलापूरच्या बाजूलाच, पण ते एमआयडीसीचे. उल्हासनगरला स्वतःचे धरण नाही, ती एमआयडीसीकडून पाणी विकत घेते. अंबरनाथ-बदलापूरला पाणी देते जीवन प्राधिकरण. नळ आपल्या दारात आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, तशीच ही पैशाचीही तऱ्हा झाली आहे.

मराठी राज्याचा संबंध इथे येतो. १९५५-५६ साली मुंबई महाराष्ट्राला देऊ नका म्हणणारे काय सांगत होते? मुंबई पैशाने उभी राहिली, म्हणून ती पैसेवाल्यांची. गिरणी कामगार रस्त्यावर आला आणि म्हणाला, मुंबई घामाने उभी राहिली. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, माणसे पडली. १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडले. देशाची तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाने! १ मे १९६० ला राज्य झाले. विक्रीकर हा त्या राज्याच्या कमाईचा मुख्य आधार होता आणि त्याचा दर मुंबईच्या विधानसभेत ठरत होता. दर चुकला तर आपण विधानसभेवर मोर्चा नेऊ शकत होतो.

आज दर ठरतो जीएसटी परिषदेत. तिथे मताचे वजन असे: केंद्राचे एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागते. हिशेब मांडा. केंद्र नाही म्हणाले तर सगळी राज्ये एक झाली तरी ठराव होत नाही. जून २०२२ मध्ये ही परिषद चंदीगडला बसली आणि १८ जुलैपासून पिशवीबंद, शिक्का मारलेल्या २५ किलोपर्यंतच्या तांदळावर, पिठावर ५ टक्के कर लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम धाग्यावरचा कर १८ आणि १२ वरून ५ वर आला, तो निर्णय चांगला झाला. पण चांगला असो वा वाईट, आपल्या गल्लीतल्या पिठाचा कर ठरवणाऱ्यांत आपल्या गल्लीने निवडून दिलेला कोण होता? मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधानसभांवर बंधनकारक नाहीत. कागदावर हा हक्क अजून आहे. वापरायचे धाडस करणारा पाहिजे.

दिल्लीने मुंबईची ताकद घेतली, ही तक्रार आपण करतो आणि ती खरी आहे. पण मुंबईच्या मंत्रालयाने आपल्या गावची ताकद घेतली, तेव्हा आपण गप्प का? घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पालिकांना मान दिला, पण कर लावण्याची मुभा किती द्यायची ते राज्याच्या मर्जीवर ठेवले. जो न्याय आपण दिल्लीकडे मागतो, तोच मुंबईने बदलापूरला द्यावा. मराठी सरकार आहे म्हणून त्याला सूट नाही.

तर मग द्यावा का शहराला विक्रीकर वाढवायचा हक्क? घाई करू नका. या दुधात तीन माशा आहेत.

पहिली माशी कामगाराच्या ताटात. धरा, तुमच्या घरी महिन्याला दहा हजारांचा करपात्र माल येतो, आणि शहराने शंभराला एक रुपया जादा घेतला. शंभर रुपये गेले. तुमचा पगार अठरा हजार. दोन लाख पगाराचा साहेब चाळीस हजारांचा माल घेईल, त्याचे चारशे जातील. चारशे मोठे दिसतात. पण तुमच्या पगारातून हजारामागे साडेपाच रुपये गेले आणि त्याच्या पगारातून हजारामागे दोन. तो उरलेला पैसा बँकेत टाकतो, शेअरमध्ये टाकतो; त्यावर हा कर लागत नाही. आपल्याकडे उरतच नाही. जो सगळा पगार बाजारात खर्च करतो त्याच्यावर विक्रीकर सगळ्यात जड बसतो.

दुसरी माशी हद्दीची. उल्हासनगरचा कॅम्प नंबर पाच कुठे संपतो आणि अंबरनाथ कुठे सुरू होते, हे नवख्याला दाखवून द्यावे लागते. उल्हासनगरने कर वाढवला तर फर्निचर घेणारा दुसरीकडे चौकशी करील. दुकानदार अंबरनाथला गाळा घेऊन तिथली पावती फाडील, माल मात्र इथल्याच गोदामातून. नाक्यावरची जुनी चोरी नव्या पोशाखात परत येईल.

तिसरी माशी सगळ्यात मोठी, आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. विक्रीकर मिळतो तो जिथे दुकान आहे त्या गावाला, जिथे माणूस राहतो त्या गावाला नव्हे. बाजार उल्हासनगरचा. कपडा तिथला, फर्निचर तिथले, लग्नाचा बस्ता तिथला. बदलापूरचा कामगार रात्री बदलापूरला झोपतो, पाणी बदलापूरचे पितो, त्याची पोरे बदलापूरच्या शाळेत. आणि खरेदी करतो उल्हासनगरला नाहीतर कल्याणला. मग कर वाढवायचा हक्क तिन्ही गावांना सारखा दिला तरी बदलापूरच्या पदरात काय पडणार? ज्याच्याकडे बाजार त्याच्याकडे पैसा, ज्याच्याकडे माणसे त्याच्याकडे खर्च.

हे मी मनाचे सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात हीच पद्धत आहे. सगळ्या राज्याला मिळून ७.२५ टक्के विक्रीकर, आणि शहरांना त्यावर थोडा आपला चढवता येतो. किती चढवायचा याला राज्याच्या विधिमंडळाने मर्यादा घातली आहे, आणि ती ओलांडायची तर शहराला विधिमंडळाची परवानगी आणावी लागते. तिथे काय झाले? शहरे मोठमोठ्या दुकानांच्या आणि मोटार विकणाऱ्यांच्या मागे लागली. घरे नकोत, दुकाने द्या, कारण कर दुकान देते. कामगाराच्या घराला जागा मिळेना. पण त्यांच्याकडच्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. घरी शिजवायच्या धान्य-भाजीवर तिथे हा कर नाही. आणि १९९६ पासून असा नियम, की नगरसभेने स्थानिक कर वाढवायचा ठरवला तर लोकांचे मतदान घ्यावे लागते. सर्वसाधारण खर्चासाठी निम्म्याहून जास्त मते, ठराविक कामासाठी दोन तृतीयांश. कर वाढवायचा तर घरोघर जाऊन सांगा कशासाठी, आणि लोकांकडून हो म्हणवून घ्या.

इथे आपल्याकडे काय आहे ते आठवा. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदांची मुदत २०२० साली संपली. निवडणूक झाली डिसेंबर २०२५ मध्ये. पाच वर्षांहून जास्त प्रशासक. उल्हासनगरची मुदत २०२२ साली संपली, निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये. एवढी वर्षे एकही निवडलेला नगरसेवक नाही. या काळात शहराला विक्रीकर वाढवायचा मोकळा हक्क असता, तर तो कोणी वापरला असता? एका अधिकाऱ्याच्या सहीने तुमच्या टॉवेलवर, तुमच्या पोराच्या बुटावर कर चढला असता आणि दाद मागायला दार नसते.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी पालिकेचे हजार रुपये उडवायचा ठराव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. विरोध करायला सभागृहात निदान एक माणूस होता. आपल्या सभागृहांना वर्षानुवर्षे कुलूप होते.

म्हणून आपले म्हणणे असे. पहिल्याने नवा कर नको. जो कर आपण आधीच भरतो त्यात गावाचा हिस्सा हवा. राज्याला जो जीएसटी मिळतो त्यातला ठरलेला भाग कायद्याने गावांना द्या, तोही माणसे मोजून. त्याने तिसरी माशी निघते, कारण बदलापूरच्या माणसाने कुठेही खरेदी केली तरी त्याच्या डोक्यामागे हिस्सा बदलापूरला येईल. यात दुकानदाराला नवा कागद भरायचा नाही. उल्हासनगरचा सिंधी दुकानदार फाळणीत घरदार गमावून इथल्या लष्करी छावणीत आला आणि हातगाडीपासून उभा राहिला. तो आपला वैरी नाही. त्याच्यावर चौथे रिटर्न लादून आपले भले होणार नाही. पावतीवर फक्त तिसरी ओळ छापायची: यातले इतके तुमच्या गावाचे. आणि ती मराठीत.

हिस्सा मिळाल्यावरही गावाला जास्त लागले, तर वाढीचा हक्क द्यावा. होय, द्यावा. आपल्यातले काही साथी म्हणतात, कर म्हटला की विरोध. मला ते पटत नाही. कर नको म्हटले की पालिकेचा दवाखाना बंद पडतो आणि कामगार खासगी डॉक्टरच्या दारात उभा राहतो. ती रक्कम कुठल्याही करापेक्षा मोठी असते. पण हा हक्क दोरीने बांधलेला असावा. धान्य, औषध, साधे कापड, शाळेचे साहित्य यांना हात लावायचा नाही. वरच्या ४० टक्क्यांच्या यादीतल्या मोठ्या मोटारी आणि चैनीच्या मालावर काय ते घ्या. प्रशासक बसला असेल तर वाढ नाही. वॉर्डावॉर्डात मतदान घ्या. काम सांगा, मुदत सांगा, मुदत संपली की कर संपला. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर तिघांनी एकच दर ठेवायचा, म्हणजे हद्दीवरचा खेळ बंद.

मंत्रालय म्हणेल, गावागावाचा वेगळा दर चालवता येत नाही. मग पेट्रोलचे काय? पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचाच विक्रीकर. जुलै २०२४ पर्यंत मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पालिकांच्या हद्दीत डिझेलला २४ टक्के आणि बाकी राज्यात २१ टक्के दर होता. हद्दीप्रमाणे वेगळा दर वर्षानुवर्षे चालला, पंपवाल्याला काही अडचण आली नाही. फक्त तो जादा पैसा त्या शहरांना न जाता राज्याच्या तिजोरीत गेला. म्हणजे वेगळा दर आकारता येतो. वेगळा पैसा गावाला देण्याची मात्र इच्छा नाही.

यासाठी दोन दारे ठोठवायची आहेत. राज्याच्या जीएसटीतला हिस्सा विधानसभा उद्या देऊ शकते, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. गावाला वाढीचा हक्क द्यायचा तर घटनेतच बदल लागेल, ती लांबची लढाई आहे. जवळचे दार आधी.

नवे नगरसेवक निवडून आले आहेत. मते मागायला आले तेव्हा हात जोडून आले होते. आता आपण त्यांच्याकडे जायचे. तिन्ही सभागृहांत एकाच मजकुराचा ठराव मांडायला लावायचा: राज्याच्या जीएसटीत गावाचा हिस्सा, माणसे मोजून. जो नगरसेवक हात वर करणार नाही त्याचे नाव गेटवरच्या फळ्यावर लिहायचे.

पुढच्या रविवारच्या बैठकीला येताना प्रत्येकाने तीन कागद आणावेत: घरपट्टीची पावती, पाणीपट्टीची पावती, आणि महिन्याभरात दुकानातून मिळालेली बिले, असतील तेवढी. बिलांवरचे दोन्ही आकडे आपण खातेवार मिळवणार आहोत, विणाई वेगळी, सूत वेगळे, शिलाई वेगळी. बायांनी जरूर यावे, बिले त्यांच्याकडेच असतात. बेरजेचा कागद तयार झाला की तोच ठरावाला जोडायचा.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!